सोरेलचे पाच जण

१२ जानेवारी, सोमवार

ऑक्टोबरात निवृत्त झाले तेव्हा गोदीवरच्या माणसांनी ही वही दिली. चामड्याचं कव्हर, कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत 'हेल्मी लाहती'. तीन महिने कोरी पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. दारातला बर्फ काढायचा, कॉफी प्यायची, नवऱ्याशी, आर्वोशी भांडायचं. आज घडलं.

लाल मुकुटाचं पत्र आलं.

नीट लिहिते, नाहीतर वर्षभराने वाचताना मलाच काही कळायचं नाही. मी खेळते तो अवकाशातला खेळ आहे. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच आकाशात जहाजं उडवतात. त्या आकाशाच्या पार कडेला सोरेल नावाचा एक तारा आहे आणि त्याच्याभोवती फिरणारं खाणीचं एक ठाणं. ते ठाणं आमचं. आमच्या गटाचं नाव सोरेल सहकारी. आम्ही सात जण. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोजणी होते. आठवडाभरात तिथे कुठल्या गटाने जास्त काम केलं, म्हणजे माल पोचवला, चाच्यांना हाकललं, ते पाहून खेळ प्रत्येकाला पाठिंबा देतो. ज्याचा पाठिंबा जास्त त्याचा झेंडा ठाण्यावर. चार वर्षं तिथे हिरवा झेंडा आहे. मी येऊन दीडच वर्ष झालं, तरी मी 'आमचा' म्हणते.

लाल मुकुट ही या खेळातली सगळ्यात मोठी टोळी. नऊशे माणसं. गॅलंट नावाचा त्यांचा वकील लिहितो, "कडेच्या सर्व ठाण्यांनी मुकुटाशी निष्ठेची शपथ घ्यावी. घेणाऱ्यांचं नाव, घर आणि मान शाबूत राहील. न घेणाऱ्यांची आम्हाला दया येते."

दया येते म्हणे! मी आर्वोला वाचून दाखवलं.

"मग घ्या की शपथ," तो म्हणाला. "खेळच आहे ना?"

"तू तळ्यावर बर्फात भोक पाडून मासे धरत बसतोस. उद्या कुणी येऊन म्हणालं, गळ टाकायच्या आधी मला मुजरा कर, तर?"

"भोक मी पाडलंय."

"मग?"

त्यावर त्याने वर्तमानपत्र उघडलं.

१३ जानेवारी, मंगळवार

दुपारी सगळ्यांची बैठक झाली, कानाला हेडफोन लावून. टोबिन बोलला. टोबिन आमचा प्रमुख, नोव्हा स्कोशियात शाळेत भूगोल शिकवतो. गट त्यानेच काढला. मी नवी होते तेव्हा जहाज ठाण्याच्या भिंतीवर सहा वेळा आपटलं, सहाही वेळा तो न हसता म्हणाला, "पुन्हा करू." असा माणूस.

तो म्हणाला, "शांतपणे विचार करू या. मुकुटाची माणसं वाटतात तेवढी वाईट नाहीत."

"तुला काय माहीत?" मारिसेलाने फाडकन विचारलं. ही वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमाची, सफरचंदं भरायच्या शेडवर मुकादम आहे. गटात येऊन तीन महिने झालेत आणि प्रश्न मात्र तीस वर्षांचे.

"ऐकून आहे," टोबिन म्हणाला.

मग मत घेतलं. मी, मारिसेला, सॅस्कॅचेवानचे वीबे भाऊ (गहू पिकवतात, एकाच माइकवर दोघं बोलतात) आणि व्हरमाँटची ग्रंथपाल इमोजीन. पाचही जण शपथेच्या विरुद्ध. सातवा गडी महिन्यातून एकदा उगवतो, तो नव्हताच. टोबिनने मत दिलं नाही. प्रमुखाने तटस्थ राहावं, असं म्हणाला. किती तत्त्वाचा माणूस!

१५ जानेवारी, गुरुवार

मोजणी. आम्ही ६१ टक्के, लाल मुकुट १२. बाकी फुटकळ. आर्वोला सांगितलं. "बरं," म्हणाला.

१७ जानेवारी, शनिवार

मूस गेलं. मूस म्हणजे माझं मालवाहू जहाज. लठ्ठ, संथ, पोटात डोंगर मावेल असं. टोबिनने खेळातल्या आमच्या गटाच्या फळ्यावर आठवड्याचे मार्ग लिहिले होते, त्यात आज करडा पट्टा नावाचा आडमार्ग होता. तिथे कधी कुत्रंही फिरकत नाही. आज अकरा लाल जहाजं माझी वाट बघत उभी होती. लपलेली नव्हती, उभी होती, बसची वाट बघावी तशी. मी वळेपर्यंत सगळं संपलं.

मारिसेला माझ्या रक्षणाला असायला हवी होती. नव्हती. काम होतं म्हणे.

मला हे आवडलेलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आज वीबे भावांची दोन्ही जहाजं गेली. मार्ग वेगळा, लाल जहाजं पुन्हा आधीच हजर. टोबिनचं जहाज नेमकं दुरुस्तीला होतं, नाहीतर तोही गेला असता. मारिसेला आजही नाही.

मी टोबिनला एकट्याला गाठलं आणि मनातला संशय सांगून टाकला. मारिसेला आपले मार्ग त्यांना देते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घाई करू नकोस, हेल्मी. पण डोळे उघडे ठेव."

अशा वेळीसुद्धा त्याच्या तोंडून तिच्याबद्दल वाईट शब्द निघाला नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

आम्ही ५२, ते २७.

२५ जानेवारी, रविवार

राहवेना. मारिसेलाला फोन करून तोंडावर विचारलं.

"बाई," ती म्हणाली, "त्या शनिवारी आणि मंगळवारी माझी कामाची पाळी होती. चाळीस बायका, सफरचंदाचा पट्टा आणि वर ओरडणारा मालक. तिथून मी तुझे मार्ग विकते, असं वाटतं तुला?"

"मग त्यांना कळतं कसं?"

"फळा कोण लिहितं, ते बघ ना."

मी फोन आपटला. म्हणजे बटण जोरात दाबलं, आपटायला हल्ली काही नसतं. चार वर्षं ज्याने गट सांभाळला त्याच्यावर ही तीन महिन्यांची बोट दाखवणार! गोदीवरच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं काढली. खनिजाचा ट्रक जास्त भरलेला असला की काट्याआधी मला ड्रायव्हरच्या मानेवरून कळायचं. माणसं ओळखता येतात मला.

आर्वो निसू खात होता, म्हणजे मीच केलेला वेलदोड्याचा पाव. त्याने विचारलं, "पण फळा लिहितो कोण?"

"टोबिन. पण त्याचा काय संबंध?"

त्याने दुसरा तुकडा कापून घेतला.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळी दहाला खेळ उघडला. स्क्रीनभर लाल. मधोमध पांढऱ्या अक्षरांत, "तुमच्या गटाने लाल मुकुटाशी निष्ठेची शपथ घेतली आहे. आपण हे स्वीकारता, की गट सोडता?" खाली दोन बटणं.

शपथ घेण्याचा अधिकार खेळात एकट्या प्रमुखाला असतो. म्हणजे टोबिनने घेतली. आम्ही पाच जण नाही म्हणालो असताना. आमचा सगळा पाठिंबा एका क्षणात त्यांचा झाला.

त्याचं पत्रही होतं, सगळ्यांना मिळून एकच. "चार वर्षं एकट्याने ओढलं. थकलो. आज ना उद्या ते आपल्याला गिळणारच होते. निदान नाव तरी राहील, अशी बोलणी केली. मार्ग मीच दिले, म्हणजे लवकर आटपेल आणि कुणाचं जास्त नुकसान होणार नाही. तुम्ही सगळे स्वीकाराल, अशी आशा आहे. बाकीचे स्वीकारतायत."

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली.

उठले आणि बर्फ काढायला गेले. कालपासून गुडघाभर पडला होता. फावड्याने ढकलता ढकलता ऑगस्टमधला गॉर्डन पेल्की आठवला. आमचा फोरमन. काट्याच्या खोलीत आला, हातात कागद, टोपी काढलेली. "हेल्मी, स्वेच्छेने निवृत्तीचा कागद आहे. सगळे सही करतायत, तू मागे राहू नकोस." मी पेनाचं टोपण शोधलं आणि सही केली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नंतर काट्यावर माणूसच ठेवला नाही, कॅमेरा बसवला.

हे इथे का लिहिलं कोण जाणे. लिहायचं होतं टोबिनबद्दल.

आत येऊन हातमोजे काढायच्या आधीच 'सोडते' दाबलं. गट सोडला की सगळं जातं. नवं घेतलेलं मूस, गोदामातला माल, दीड वर्षात मिळवलेला हुद्दा. नवशिक्यांना फुकट मिळतं ते एक डबडं तेवढं हाती राहिलं. पोटात मावतात जेमतेम आठ पेट्या.

राहू दे.

२९ जानेवारी, गुरुवार

बारा वाजता सोरेलवर लाल झेंडा चढला. चढताना बघितला. मुद्दामच बघितला.

मग मारिसेलाला फोन केला. मागे यंत्रांचा खडखडाट.

"माफी मागायला फोन केलाय."

"काय? मोठ्याने बोल, पट्टा चालू आहे!"

"माफ कर म्हणतेय!"

"ऐकू येत नाही!"

"अगं, माफ कर! चुकले मी! मूर्ख आहे मी!"

बाहेरच्या खोलीतून आर्वो ओरडला, "कुणाला म्हणतेयस?"

मारिसेला हसायला लागली. "पहिल्यांदाच ऐकलं होतं. म्हटलं, परत ऐकावं." मग गंभीर होऊन म्हणाली, "तू सोडलंस का?"

"काल सकाळी."

"मी पण."

३१ जानेवारी, शनिवार

'बाकीचे स्वीकारतायत' हे खोटं होतं. पाचपैकी एकानेही स्वीकारलं नाही. ज्याने त्याने आपण एकटेच आहोत असं समजून सोडलं. वीबे भावांनीसुद्धा, एकाच खोलीत बसून, एकमेकांना न विचारता! इमोजीन म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही सगळे मला वेडी म्हणाल."

नवा गट काढला. नाव 'जुनी सोरेल'. नव्या गटाला खेळ तीन टक्के पाठिंबा देतो, दान दिल्यासारखा. सोरेलवर लाल मुकुट ७९.

प्रमुख कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी म्हटलं, मीच का? मारिसेला म्हणाली, "सबंध दिवस घरी तूच असतेस."

खरं आहे. तरी लागलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक गोष्ट सापडली. तीन दिवस डबड्यातून आठ-आठ पेट्या नेतेय आणि प्रत्येक खेपेनंतर पाठिंब्याचा आकडा बघतेय. काट्याची सवय, जात नाही. इमोजीनला मुद्दाम भाड्याच्या मोठ्या जहाजातून तिप्पट माल न्यायला लावला. आकडा तेवढाच हलला. पुन्हा केलं. तेवढाच!

म्हणजे खेळ वजन मोजतच नाही. खेपा मोजतो. मोठ्या जहाजाची एक खेप आणि माझ्या डबड्याची एक खेप, दोन्ही सारख्याच. ही गोष्ट चार वर्षांत कुणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळे मोठ्या जहाजाच्या मागे.

एकतीस वर्षं मी वजनं केली, आणि इथे वजनाला काडीची किंमत नाही. मी एकटीच खूप वेळ हसले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

९ टक्के.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

१८. लाल मुकुटाच्या लक्षात आलंय. ठाण्याच्या तोंडाशी पहारा बसवलाय. आज पाच वेळा मेले. डबडं फुकटच मिळतं, पाचही वेळा दुसरं घेऊन निघाले. त्यांच्यातल्या एकाने निरोप पाठवला, "आजी, दमत नाही का?" मी लिहिलं, "तू दमलास का, बाळा?"

१४ फेब्रुवारी, शनिवार

आर्वो पास्टी घेऊन आला, आतून गाजर-बटाटे भरलेली, गरमागरम, माझ्या आवडत्या दुकानातली. म्हणाला, "आज तरी टेबलावर जेवू." मी म्हटलं, "ही एक खेप झाली की आले." त्या खेपेनंतर आणखी तीन झाल्या. उठले तेव्हा माझी पास्टी ताटात झाकून ठेवलेली आणि त्याची गाडी दारात नव्हती. तळ्यावर गेला होता.

या सगळ्याला काही अर्थ आहे का? चौसष्ट वर्षांची बाई, पाठीला उशी लावून, नसलेलं खनिज नसलेल्या ठाण्यावर पोचवतेय. इतका राग मला टोबिनचा येतो? तो तर मला धड माहीतही नाही. त्याला मुलं आहेत की नाहीत हेसुद्धा मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी आर्वो आला. मी आपणहून सॉना तापवला होता. आत बसल्यावर म्हणाला, "जिंकलात तर मिळतं काय?"

"झेंडा."

"खरा?"

"नाही रे, चित्रातला. हिरवा."

तो इतका हसला की बाकावरून घसरला. मग तापल्या दगडांवर पाणी टाकत म्हणाला, "उद्या दाखव मला, ती लाल पोरं उभी कुठे राहतात."

१६ फेब्रुवारी, सोमवार

आर्वोने जन्मभर जिल्ह्याचा बर्फ-नांगर, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवला. कुठला रस्ता किती वाजता मोकळा असतो, हे त्याला झोपेतही सांगता येतं. काल आणि आज खुर्ची घेऊन शेजारी बसला आणि कागदावर रेघा मारत राहिला. दुपारी एकदम ओरडला, "अगं, ही माणसं जेवायला जातात!"

खरंच! साडेअकरापासून सव्वाबारापर्यंत पहाऱ्यावर दोन-तीनच जहाजं. नऊशे असले तरी पोट प्रत्येकाला आहे. आता आम्ही जेवण अकराला उरकतो. मारिसेलाकडे तेव्हा सकाळचे आठ, ती चहाच्या सुट्टीत येते.

"आणि खडकांमधल्या या अरुंद फटीतून जा," आर्वो म्हणाला. "मोठं जहाज इथे वळणारच नाही."

"मी आपटेन."

"मग आपट. दुसरं फुकट आहे ना?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

२९ टक्के!

२१ फेब्रुवारी, शनिवार

किराणा दुकानात गॉर्डन पेल्की भेटला. अंड्यांच्या कपाटापाशी.

"काय हेल्मी, आराम चाललाय ना?"

"गॉर्डन, त्या कागदावर तू सही केलीस का रे?"

त्याने हातातला अंड्यांचा खोका उघडला, बंद केला. "माझं… माझं वेगळं होतं."

"सगळे करतायत म्हणाला होतास."

"तसं मला सांगायला सांगितलं होतं."

"कितीजणांनी केली?"

"दोघांनी. तू आणि रेल्वेवरचा तो म्हातारा."

मी "बरं" म्हटलं. तिथेच उभी राहिले. तो जायला निघाला तेव्हा म्हटलं, "गॉर्डन, पुढच्या वेळी कुणाकडे कागद घेऊन गेलास तर टोपी डोक्यावर ठेव. काढू नकोस."

अंडी आणायला गेले होते, दुधाचे दोन डबे घेऊन आले. घरी येऊन सलग चौदा खेपा केल्या. अंडी मग आर्वोच घेऊन आला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

३६. लाल मुकुट ४८.

५ मार्च, गुरुवार

आम्ही ४१, ते ४२. दोन गट इतके जवळ आले की खेळ आपणहून युद्ध जाहीर करतो. उद्यापासून सात दिवस. रोज दुपारी बाराला त्या दिवसाचा निकाल. चार दिवस जिंकेल त्याचं ठाणं. लढाईत पाडलेली जहाजं मोजली जातात आणि पोचलेल्या खेपाही.

मारिसेलाने आठवड्याची रजा टाकली. मालकाला काय सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, "घरात युद्ध आहे म्हटलं. त्याला वाटलं नवऱ्याशी."

८ मार्च, रविवार

हरलो, हरलो, जिंकलो. पहिल्या दोन दिवशी त्यांनी साठ-सत्तर जहाजं आणली. आज वीस.

१० मार्च, मंगळवार

काल हरलो, आज जिंकलो. दोन-तीन. उद्या हरलो की संपलं. डावा अंगठा बधिर झालाय. इमोजीन ग्रंथालयातून कुजबुजत बोलते, कारण समोर वाचक बसलेले असतात. "डावीकडे तिघे… हो काका, ते पुस्तक तिसऱ्या कपाटात… हेल्मी, खाली जा, खाली!"

११ मार्च, बुधवार

जिंकलो. तीन-तीन.

१२ मार्च, गुरुवार

सगळं लिहिते.

पावणेबारापर्यंत बरोबरी होती. पहाऱ्यावर नऊ जहाजं, आज कुणी जेवायला गेलं नाही. वीबे भाऊ एकापाठोपाठ पडले. मारिसेला एकटी सहा जणांना अंगावर घेऊन ठाण्यापासून लांब पळत होती आणि स्पॅनिशमध्ये त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. इमोजीनचं डबडं फटीत अडकलं. माझ्या पोटात आठ पेट्या.

"आता," आर्वो म्हणाला. "उजवी धरून. हळू. हळू, बाई, नांगर आहे समज."

फटीतून बाहेर आले. समोर ठाण्याचं तोंड, आणि तोंडात एक लाल जहाज आडवं उभं. त्याच्या नावाची पाटी वाचली. टोबिन.

त्याने मला हेरलं. माझ्या स्क्रीनवर इशारा आला, बंदूक माझ्यावर रोखली गेल्याचा. इतक्या जवळून आंधळासुद्धा चुकला नसता. मी जहाजाचं नाक सरळ ठेवलं. दोन गोळ्या डाव्या बाजूने गेल्या, चांगल्या हातभर लांबून. मग त्याचं जहाज वळलं आणि तोंड मोकळं झालं. मी आत शिरले, भिंतीला घासले, उतरले.

११:५८. एका खेपेने जिंकलो.

आर्वोने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो बाराच्या ठोक्यापर्यंत तसाच होता. झेंडा खाली आला, हिरवा वर गेला. हेडफोनमध्ये चार माणसं एकाच वेळी किंचाळत होती. ग्रंथालयातून इमोजीनसुद्धा.

टोबिनचा नेम पहिल्यापासून कच्चाच. मारिसेला म्हणते, तो चुकला नाही. आर्वोही तेच म्हणतो. मी म्हणते, चुकला.

१६ मार्च, सोमवार

लाल मुकुट दक्षिणेकडे दुसऱ्या कुठल्याशा युद्धाला गेलाय. तोंडाशी कुणी नाही. पाठिंबा ५५. शांततेत खेपा करताना चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.

१७ मार्च, मंगळवार

गॅलंटचं पत्र. या वेळी गटाला नाही, मला एकटीला.

लिहितो छान. माझ्या चिकाटीचं कौतुक, डबड्यांच्या युक्तीचं कौतुक. मुकुटाला माझ्यासारखी माणसं हवी आहेत. मी शपथ घेतली तर कडेच्या सगळ्या ठाण्यांची मुख्य मला करतील, बावीस ठाणी, हाताखाली दीडशे माणसं. हवं ते जहाज. "आपण आता थकला असाल. हे आपल्या दोघांतच राहू द्या. गुरुवारपर्यंत कळवा."

इथे खोटं लिहून काय मिळवायचंय? मी दोन वेळा वाचलं. बावीस ठाण्यांचे आकडे रोज माझ्या टेबलावर येतील. माणसं विचारायला येतील, हेल्मी, हे बरोबर आहे का बघ. ऑक्टोबरापासून मला कुणी असं विचारलेलं नाही. आणि थकलेय मी, अंगठा अजून सरळ होत नाही. प्रमुख मीच. बटण माझ्याच हाताखाली आहे, दाबायला कुणाची परवानगी लागत नाही. टोबिन अशाच एखाद्या मंगळवारी या बटणासमोर बसला असेल, एकटा. त्याची मुलं शाळेत गेली असतील. असतील तर.

आर्वो तळ्यावर होता. तो असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग वाटलं, नाही, हे तो नसतानाच व्हायला हवं.

पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गटाच्या फळ्यावर उतरवलं. 'आपल्या दोघांतच राहू द्या' हेही. खाली लिहिलं, "हे मला आलंय. सगळ्यांनी वाचा. दुपारी बोलू."

दुपारी पाचही जण आले. वीबे भावांनी आळीपाळीने मोठ्याने वाचलं, गॅलंटचा आवाज काढून. मारिसेला म्हणाली, "बावीस ठाणी! बाई, मला निदान एक तरी दे."

"थट्टा पुरे," मी म्हटलं. "मला मोह झाला होता. दोन मिनिटं. ते तुम्हाला माहीत असावं."

मग धाकटा वीबे म्हणाला, "दोनच?"

इमोजीनने विचारलं, "उत्तर काय द्यायचं?"

तिथेच, सगळ्यांच्या देखत लिहिलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं.

"गॅलंट साहेब, तुमचं पत्र आम्ही पाचही जणांनी मोठ्याने वाचलं. इथे दोघांतलं असं काही नसतं. तुम्ही गुरुवारपर्यंत मुदत दिलीत, तेवढी लागणार नाही. उत्तर नाही असं आहे. तुम्ही नऊशे आहात हे आम्हाला ठाऊक आहे, पुन्हा सांगू नका. दक्षिणेचं आटपलं की या. आम्ही घरीच असतो."

"शेवटी 'आपली नम्र' लिहू का?" मी विचारलं.

"मुळीच नको," चौघंही म्हणाले.

नाही लिहिलं. पाठवलं, आणि पुढच्या खेपेच्या आठ पेट्या भरायला घेतल्या.